जमीन विका, पण ठेवा

अमेरिकेत एमएस करायचं पक्कं झालं का? मग घरात 'आय-20 आली' असं मोठ्यानं म्हणू नका. आमच्याकडे परभणीत एक पोरगं म्हणालं, तर काकांनी डाऊन पेमेंट किती भरलं विचारलं आणि गाडीसमोर फोडायला नारळ घेऊन आले. गाडी नव्हे, व्हिसासाठी लागणारा कॉलेजच्या प्रवेशाचा कागद आहे म्हटल्यावर नारळ परत नेला.

फी भरताना हिशेब करू नका. व्हिसाचे 185 डॉलर, सेविसचे, म्हणजे तिकडच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे, 350. 2025-26 च्या 5,328 रुपये हमीभावानं साधारण 9 क्विंटल सोयाबीन. मोंढ्यात हमीभाव देतो कोण, म्हणून 10-11 धरा. व्हिसा नाकारला तरी त्याची फी परत नाही. निदान आडत्या चहा तरी पाजतो.

कॅनडाचं म्हणाल, तर राहण्याच्या खर्चापोटी दाखवायची रक्कम 20,635 कॅनेडियन डॉलर होती, ती 1 सप्टेंबर 2025 पासून 22,895 झाली. भाव वाढतच नाहीत असं कोण म्हणतं?

इन्स्टाग्राम मात्र उघडं ठेवा. गेल्या पाच वर्षांतली खाती अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात लिहायची असतात, आणि जून 2025 पासून ती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायची असतात. चौकात तलवारीनं केक कापतानाचा, मागे जेसीबीतून फुलं पडतानाचा तुमचा तो रील काढायचा, की लोककला म्हणून राहू द्यायचा, तुमचं तुम्ही बघा.

आता मुख्य गोष्ट. पैसा दाखवायचा. बँकेत कर्जासाठी सातबारा पुढे केला की साहेब म्हणतात, "शेतजमीन नको, शहरातला एनए प्लॉट आहे का?" प्लॉट असता तर सातबारा कशाला काढला असता! मग वडिलांना सांगून रोडलगतचे दोन एकर विकून टाका. खात्यात रक्कम आली की मुंबईला बीकेसीत अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखतीला जा. तिथं अमेरिकेच्या 1952 च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 214 (बी) तुमची वाट बघत असतं. त्याच्या लेखी अर्ज करणारा प्रत्येक जण तिकडे कायमचा राहायलाच निघालेला असतो. तसं नाही, हे सिद्ध तुम्ही करायचं. काचेपलीकडून विचारतील, परत येण्यासारखं गावी काय आहे? तुम्ही अभिमानानं सांगा, शेती. कोणती, ते सांगू नका. नाही, खोटं अजिबात बोलायचं नाही, दारं कायमची बंद होतात. फक्त विकलेली जमीन अजून मनात आपलीच आहे, अशा चेहऱ्यानं उभं राहायचं. दोन-तीन मिनिटांचाच प्रश्न असतो.

आणि तरीही हातात नकाराची चिठ्ठी पडली, तर वाद घालू नका. मायदेशी परतण्याचा इरादा सिद्ध झाला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. चिठ्ठी नीट घडी घालून खिशात ठेवा, रात्रीची देवगिरी पकडा आणि सकाळी परभणीला उतरा.