न खाणारा मासा गळाला का लागतो? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर चार शब्द वाकडे गेले असते, म्हणून दोन दिवस गप्प बसलो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. कॅनडात नदीच्या तोंडाशी येऊन गळाकडे ढुंकूनही न बघणाऱ्या सॅल्मनला (समुद्रात वाढून अंडी घालायला जन्मल्या नदीत परतणारा मासा) गळाला कसं लावायचं, यावर मी लिहिलं होतं. त्यावर या दादांचं म्हणणं असं: "तीस वर्षं पंचगंगेवर गळ टाकतोय. खायचंच सोडलेल्या माशाला गळाला लावायच्या युक्त्या सांगणं म्हणजे जेवून उठलेल्या पावण्याच्या ताटात परत तांबडा रस्सा ओतणं. सॅल्मन म्हणजे आपला रावसच की, तो भाट्याच्या खाडीत झकास लागतोय. कॅनडाचं कौतुक कशाला? आणि झटके मारून ओढा असं लिहिलंय, त्याला आमच्यात मासेमारी म्हणत नाहीत, ओरबाडणं म्हणतात."

शेवटचं वाक्य लागलं. त्याच्याकडे शेवटीच येतो.

रावसाचं आधी उरकतो. त्याला इंग्रजीत 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, सगळा घोटाळा तिथला. कुळ वेगळं, घराणं वेगळं. रावसाच्या छातीच्या पराखाली चार सुटे धागे लोंबतात, बाजारात गेलात की उलटा करून बघा. सॅल्मनला ते नसतात. आणि मुख्य म्हणजे रावस खाडीत येतो तो कोळंबी आणि बारक्या माशांच्या मागं, खायलाच. खायला आलेला मासा गळाला लागला यात नवल काय? सॅल्मन नदीच्या तोंडाशी येतो तो खाणं संपवून. तुलना होतच नाही.

आता रश्श्याचं. तुमचं निम्मं बरोबर आहे. पॅसिफिक समुद्रातला सॅल्मन जन्मल्या नदीच्या जवळ आला की त्याची भूक मरते. पोट आणि आतडी आक्रसत जातात, आतली जागा अंडी किंवा वीर्य घेतं. पुढचा सगळा प्रवास अंगातल्या चरबीवर, आणि अंडी घालून झाली की मासा मरतो. पण भूक मेली म्हणून तोंड मेलं असं होत नाही. तीस वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाला हे मी सांगावं म्हणजे अवघडच आहे, पण मरळ आठवा.

आमच्या आजोळी प्रयाग चिखलीच्या बाजूला एक डबकं होतं. पावसाळ्यात मरळीची पिल्लं वर यायची, तांबूस, बोटाच्या पेराएवढी, शे-दोनशेचा एकच गोळा, पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा. मामा त्या गोळ्यावरनं हिरवी चिंधी बांधलेला गळ नुसता सरकवायचा. आमिष काही नाही, चिंधीच. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला खालनं धाडकन मरळ यायची. मामीनं एकदा माझ्यासमोर पोट फाडलं तर आत काही नव्हतं. राखणीला बसलेली मरळ चिंधी खायला आलेली नव्हती, हाकलायला आलेली होती. (पिल्लांवरची मरळ धरू नये हे आता कळतं. तेव्हा आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो.)

मरळीचा दाखला सॅल्मनला पुरता लागू होत नाही, तेही कबूल करतो. नदीच्या तोंडाशी त्याला अजून घर नाही, राखण नाही. वर नदीत गेल्यावर नर खरंच भांडखोर होतात, जबडा आकड्यासारखा वळतो. पॅसिफिक सॅल्मनचं शास्त्रीय नाव 'ओंकोरिंकस', म्हणजेच आकड्या नाकाचा. तोंडाशी असतो तो नुसता थांबलेला मासा. समुद्रात तो खारं पाणी पितो आणि कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकतो, नदीत बरोबर उलटं, कल्ल्यांनी मीठ आत ओढायचं. हा पालट व्हायला निमखाऱ्या पाण्यातला मुक्काम सोयीचा पडतो. शिवाय नदी आटलेली किंवा तापलेली असेल तर तो पावसाची वाट बघतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेली का, ४३ च्या धोका पातळीला गेली का, म्हणून आपण जुलैत दर तासाला मोबाईल बघतो ना, तसं त्याचं चाललेलं असतं. फरक एवढाच की आपल्याला पाणी चढू नये असं वाटतं, त्याला चढावं असं.

अशा थांबलेल्या माशात समुद्रात काढलेल्या वर्षांची सवय उरलेली असते. डोळ्यापुढनं काही चमकून पळालं की जबडा आपोआप मिटतो. भूक नसताना समोरच्या शेंगदाण्यात आपला हात जातो, तसं. पण सॅल्मनच्या सगळ्या जातींत ही सवय सारखी नसते. चिनूक आणि कोहो हे माशांवर जगलेले, त्यांच्यात ती टिकते. सॉकाय मुख्यतः पाण्यातले बारीक जीव गाळून खाणारा, तो चमच्यामागं (चमच्याच्या आकाराचं चकचकीत धातूचं खोटं आमिष) फारसा लागतच नाही. माझ्या लेखात मी सगळ्यांना एकाच माळेत ओवलं होतं, ती चूक.

युक्त्यांपैकी दोनच गोष्टी मी अजूनही छातीवर हात ठेवून सांगेन. एक, भरती चढायला लागते ती वेळ आणि पहाटेचं झुंजूमुंजू जुळलं तरच जावं. तेव्हा समुद्रातनं नवा मासा आत येतो, आठवडाभर तिथंच फिरून शंभर गळ बघितलेला नव्हे. दोन, हाताचा वास आमिषाला लागू देऊ नये. १९५०च्या दशकात ब्रिटिश कोलंबियात संशोधकांनी माणसाचे हात धुतलेलं पाणी सॅल्मनच्या वाटेत वरच्या अंगाला ओतून बघितलं, तर चढणारे मासे थबकले. अस्वलाच्या पंजाचं पाणी ओतलं तरी तेच. कातडीतलं सेरीन नावाचं एक द्रव्य त्यांना ओळखू येतं. तंबाखू मळलेल्या हातानं आमिष लावणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून घाम फुटला.

आता तुमचा शेवटचा मुद्दा.

व्हँकूवरला बहिणीकडं गेलो होतो तेव्हा सप्टेंबरात कॅपिलानो नदीच्या तोंडाशी उभा राहिलो. परवाना काढलेला, गळ नियमाप्रमाणं टोकाला उलटा काटा नसलेला. पूर्वेला लायन्स गेट पूल, त्यावर गाड्यांचे दिवे, पाणी मांड्यांपर्यंत आणि असलं गार की पायाची बोटं आहेत का नाहीत कळेना. समोर कोहो उड्या मारतायत, एक, दोन, लगेच तिसरा, ताटलीवर ताटली आपटल्यासारखा आवाज. तीन तास चमचा फेकला. एकही नाही. एक मासा माझ्या चमच्यामागं अगदी पायापर्यंत आला, तिरका होऊन बघितलं आणि निघून गेला. मग माझा तोल गेला. मी माशांच्या झुंडीतनं चमचा जोरजोरात झटके मारत ओढायला लागलो आणि लागला! रीळ किंचाळलं. शेजारचा म्हातारा आपली दोरी गुंडाळून बाजूला झाला, मला जागा करून दिली.

मासा जवळ आला तेव्हा दिसलं की गळ तोंडात नव्हता, पाठीत रुतला होता.

म्हातारा काही बोलला नाही. आला, चिमट्यानं गळ सोडवला, मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवला. शेपूट हलली तसा सोडला. तिथं असा पाठीत लागलेला मासा सोडावाच लागतो, आणि मुद्दाम तसा लावला तर तो गुन्हा आहे. मी मुद्दाम केलं होतं का? त्या वेळी नाही म्हणालो असतो.

लेखात मी "पहिला सॅल्मन झटका पद्धतीनं लागला" एवढंच लिहिलं. कुठं लागला ते लिहिलं नाही. तुम्ही ते सात समुद्र पलीकडनं, नुसत्या वाक्यावरनं ओळखलंत.

झटक्याचा परिच्छेद काढून टाकला आहे. त्याच्या जागी पाठीत गळ रुतल्याची हकीकत घातली आहे, आणि सॉकायची दुरुस्तीही केली आहे. तोंडात लागलेला कोहो मला त्या मुक्कामात मिळाला नाही, हेही आता तिथं लिहिलं आहे.