‘आय फील लव्ह’ आणि डोना समरचं श्रेय

अमेरिकन डिस्को गायिका डोना समरच्या ‘आय फील लव्ह’ या गाण्यावरचे लेख बहुतेक वेळा ब्रिटिश संगीतकार ब्रायन इनोपासून सुरू होतात. १९७७ साली बर्लिनमध्ये तो ही रेकॉर्ड घेऊन रॉक गायक डेव्हिड बोवीकडे धावत आला आणि म्हणाला, भविष्याचा आवाज सापडला, पुढची १५ वर्षं क्लबमधलं संगीत यानेच बदलणार. खुद्द बोवीने सांगितलेला हा किस्सा मलाही आवडतो. पण मग लेख निर्माता जॉर्जिओ मोरोडरकडे वळतो, त्याच्या मोग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याकडे वळतो, आणि जिचं गाणं आहे ती एका ओळीत उरकली जाते. याचा मला खरंच राग येतो.

यंत्राची करामत मोठीच होती. म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत तो मोग सतत बेसूर व्हायचा, म्हणून थोडं थोडं करून ध्वनिमुद्रण करावं लागलं. ट्रॅक एकमेकांशी जुळवायची युक्ती रॉबी वेडेल या तंत्रज्ञाची. मनासारखा किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका, मात्र मोगमधून निघेना, तो ड्रमर कीथ फोर्सीने वाजवलाय. डिस्कोला यांत्रिक म्हणून नाकं मुरडणाऱ्या समीक्षकांनी हा ठोका नीट ऐकायला हवा होता.

आणि डोना! बॉस्टनच्या चर्चमध्ये गाऊन तयार झालेला दमदार गळा. त्या गळ्याने इथे जोर पूर्ण आवरलाय. मोजकेच शब्द, उंच, हलका, तरंगता सूर. खाली बेस एका लयीत धावतोय आणि ती जराही घाई करत नाही. हा गायिकेचा निर्णय आहे, आणि गीतलेखनाच्या श्रेयातही मोरोडर आणि त्याचा सहनिर्माता पीट बेलॉट यांच्यासोबत तिचं नाव आहे.

अमेरिकेत हे गाणं आधी बी-साइडला, म्हणजे रेकॉर्डच्या दुय्यम बाजूला टाकलं होतं! ब्रिटनमध्ये ते चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

सॅन फ्रान्सिस्कोचा संगीतकार पॅट्रिक काउली याने १९७८ मध्ये त्याचं १५ मिनिटांहून लांब रूप केलं. ते डीजेंमध्ये फिरत राहिलं, अधिकृतपणे निघालं १९८२ मध्ये, आणि त्याच वर्षी काउली एड्सने गेला. ते रूप संपूर्ण ऐकाच, मधला सिंथचा भाग विलक्षण आहे. १९९५ मध्ये नवे रिमिक्स आले, तेव्हा डोनाने स्वतः पुन्हा गायलं आणि गाणं ब्रिटनमध्ये परत पहिल्या दहात पोचलं. यंत्रं बदलली, रिमिक्स करणारे बदलले, आवाज तिचाच लागला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या अमेरिकेतल्या मानाच्या यादीत तिला घेतलं ते २०१३ साली, ती गेल्यानंतर वर्षभराने.