सगळीकडे वंदे भारत सोडल्या की रेल्वे जपानसारखी होते?

रेल्वेवरचा एक मजकूर सध्या बहुतेक ग्रुपवर येऊन गेलाय. कधी कुणा निवृत्त अधिकाऱ्याच्या नावाने, कधी बिननावाचा. सार एवढंच: ‘जपानने १९६४ मध्ये बुलेट ट्रेन पळवली, आपण अजून इंग्रजांनी टाकलेल्या रुळांवरच खुरडतोय. जुन्या गाड्या भंगारात काढा, प्रत्येक मार्गावर वंदे भारत सोडा, मालगाड्यांचा माल ट्रकने जाऊ द्या, सगळीकडे कवच (गाडीला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) बसवा. फक्त पैसा ओता, पाच वर्षांत रेल्वे जपानसारखी!’

यातला वैताग खरा आहे. वेटिंगचं तिकीट हातात घेऊन दोन तास उशिरा आलेल्या गाडीत घुसलेल्या माणसाला तो कळतोच. पण त्यावर सुचवलेली औषधं बहुतेक चुकीच्या दुखण्यावरची आहेत. एकेक मुद्दा घेऊ.

‘इंग्रजांनी टाकलेले रूळ’

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्या वेळचा रूळ आज कुठल्याही चालू मार्गावर सापडणार नाही. कारण रूळ झिजतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचं आयुष्य त्याच्यावरून किती भार गेला यावर मोजतात, आणि ती मर्यादा साधारण ८० कोटी टन धरतात. वर्षाला पाच कोटी टन भार सोसणाऱ्या गजबजलेल्या मार्गावर हा हिशेब सोळा वर्षांत संपतो. खात्री करायची तर फलाटावर उभं राहून समोरच्या रुळाच्या उभ्या बाजूकडे नीट बघा. पोलादातच उठवलेली अक्षरं दिसतील: कारखान्याची खूण, रुळाचं वजन, वर्ष. बऱ्याच ठिकाणी ती खूण भिलाईची असते. रुळांखालचे लाकडी स्लीपर जाऊन काँक्रीटचे आले, सांधे वेल्ड झाले, म्हणून तर गाडीची जुनी खडखड एवढी कमी झाली. १९९२ पासून देशभर मीटरगेजचं (अरुंद मार्गाचं) ब्रॉडगेज (रुंद मार्ग) करण्याची मोहीम चालली. मनमाड–नांदेड आणि पूर्णा–अकोला पट्ट्यातल्या लोकांना दोन्ही गाड्या आठवत असतील.

इंग्रजांचं जे उरलंय ते वेगळं आहे: वाटा आणि पूल. शंभर वर्षांहून जुने असे ३७ हजारांवर पूल रेल्वेकडे आहेत. आणि मार्गांची लांबी बघा. १९५०-५१ मध्ये ती ५३,५९६ किलोमीटर होती, आज ६९ हजारांच्या आसपास आहे. म्हणजे वाढ तीस टक्क्यांच्याही आत. त्याच काळात वर्षाची मालवाहतूक सुमारे ७.३ कोटी टनांवरून जवळपास १५९ कोटी टनांवर गेली. तक्रार करायचीच तर ही करा. रूळ नवेच आहेत, पण त्यांच्यावर लादलेलं ओझं एकवीस-बावीस पट झालंय.

‘जपानने १९६४ मध्ये करून दाखवलं’

दाखवलं, शंका नाही. १ ऑक्टोबर १९६४ ला टोकियो–ओसाका शिंकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, सुरू झाली. पण कशासाठी, हे फॉरवर्डवाला सांगत नाही. जुन्या तोकाइदो मार्गावर गाड्यांना जागाच उरली नव्हती. देशाच्या एकूण मार्गांचा जेमतेम तीन टक्के असलेला तो पट्टा वाहतुकीचा जवळपास चौथा हिस्सा ओढत होता. म्हणून जपान्यांनी शेजारी वेगळ्या, रुंद गेजचा, फक्त प्रवासी गाड्यांचा मार्ग बांधला. जुन्या रुळांवर चकचकीत गाडी सोडली नाही. वेग हवा होताच, पण मुख्य दुखणं जागेचं होतं.

आणि हे काम स्वस्तात, बिनबोभाट झालं असंही नाही. जागतिक बँकेकडून आठ कोटी डॉलर कर्ज घ्यावं लागलं. खर्च अंदाजाच्या दुपटीकडे गेला आणि रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी व मुख्य अभियंता शिमा हिदेओ दोघांनाही १९६३ मध्ये पायउतार व्हावं लागलं. उद्घाटनाचं आमंत्रणही त्यांना गेलं नाही. ज्या वर्षी शिंकान्सेन धावली त्याच वर्षी जपानी राष्ट्रीय रेल्वे तोट्यात गेली आणि १९८७ मध्ये ती तोडून वेगवेगळ्या कंपन्या करण्यात आल्या. जपानचं उदाहरण द्यायचं तर ते पूर्ण द्यावं. दुसरी एक गोष्ट: शिंकान्सेन रात्री बारा ते सकाळी सहा बंद असते. रोज. त्या सहा तासांत रूळ, तारा, सिग्नल सगळं तपासून दुरुस्त होतं. आपल्याकडे रविवारचा मेगाब्लॉक लागला की शिव्याशाप सुरू होतात. आपलं वेळापत्रक इतकं गच्च आहे की देखभालीचा ब्लॉक मागणारा अभियंताच वाहतूकवाल्यांना अडथळा वाटतो.

आपला मुंबई–अहमदाबाद प्रकल्प याच जपानी पद्धतीचा आहे: ५०८ किलोमीटर, वेगळा मार्ग, वेगळं गेज. तो हवा की नको यावर वाद घाला. पण तो झाल्याने पुणे–मिरज किंवा भुसावळ–नागपूर मार्गावरची गाडी एक मिनिटही लवकर पोहोचणार नाही.

‘प्रत्येक मार्गावर वंदे भारत’

इथे थोडं थांबावं लागेल.

गाडी म्हणून वंदे भारत उत्तम आहे, हे आधी मान्य करतो. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपल्या नेहमीच्या एक्सप्रेस कर्जतला थांबतात, मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, मग गाडी लोणावळ्याकडे चढते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत हा घाट बँकरशिवाय चढते, कारण तिला ओढणारं एक इंजिन नसतं. मोटारी अनेक डब्यांखाली विखुरलेल्या असतात. हे खरं तंत्र, आणि त्याचं कौतुक कमीच झालंय. तरीही मुंबई–पुणे वेळेत तिचा आणि डेक्कन क्वीनचा फरक काही मिनिटांचाच आहे. पुढची वाट तीच, सिग्नल तेच, कल्याणपर्यंत लोकलची गर्दी तीच. १८० च्या वेगाची चाचणी दिलेली ही गाडी. माहिती अधिकारात रेल्वेनेच दिलेले आकडे सांगतात की वंदे भारत गाड्यांचा सरासरी वेग २०२०-२१ मध्ये ताशी ८४ किलोमीटरच्या वर होता, २०२३-२४ मध्ये तो ७६ वर आला. गाड्या वाढल्या, नवनव्या मार्गांवर गेल्या, वेग घटला. घाटातल्या एकेरी रस्त्यावर ट्रकमागे अडकलेली नवी कोरी मोटार किती पळणार?

यामागचं गणित नियंत्रण कक्षात बसणाऱ्याला रोज करावं लागतं. सगळ्या गाड्या सारख्या वेगाच्या असतील तर एकामागे एक सोडता येतात. एक गाडी १३० ने आणि पुढची मालगाडी ६० ने चालली की वेगवान गाडीसाठी लांबपर्यंत वाट मोकळी ठेवावी लागते. मधली मालगाडी लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, काढायची, पॅसेंजर साइडिंगला टाकायची. एक जलद गाडी दोन-तीन हळू गाड्यांची जागा खाते. वंदे भारतला हिरवा झेंडा दाखवल्याचा फोटो पेपरात येतो. त्याच दिवशी कुठल्या तरी लहान स्टेशनात पाऊण तास रखडलेल्या पॅसेंजरचा येत नाही.

हे कोकणवाल्यांना समजावून सांगायची गरजच नाही. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून जास्त बोगदे, १९९८ पासून पूर्ण सुरू. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झालं, २०२३ च्या जूनमध्ये मडगाव वंदे भारत आली. फॉरवर्डच्या हिशेबाने कोकण रेल्वे आधुनिक झाली. पण रोहा–वीर हा सुमारे ४६ किलोमीटरचा तुकडा सोडला तर मार्ग अजून एकेरी आहे. समोरून गाडी आली की कुणीतरी क्रॉसिंगला थांबायचंच, मग वर विजेची तार असो की नसो. गणपतीत स्पेशल गाड्या वाढतात आणि सगळं वेळापत्रक कोलमडतं ते यामुळे. पावसाळ्यात तर मुद्दाम वेग कमी करतात. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ दरड-दगडांमुळे झालेल्या अपघातांनंतर हे शहाणपण आलं. कोकणातल्या चाकरमान्याला विचारा, दुसरी वंदे भारत हवी की दुसरी लाइन. उत्तर ऐकायला थांबायचीही गरज नाही.

‘माल ट्रकने जाऊ द्या’

हा मुद्दा लिहिणाऱ्याने रेल्वेचा जमाखर्च उघडूनही पाहिलेला नाही. रेल्वेच्या कमाईचा सुमारे दोन तृतीयांश भाग मालातून येतो. तुमच्या-आमच्या पासाची तूट त्यातूनच भरून निघते. कोळशाच्या एका रेकमध्ये, म्हणजे एका पूर्ण मालगाडीत, पावणेचार ते चार हजार टन कोळसा असतो. वीस टनी ट्रक धरले तर दोनशेच्या आसपास. असे शेकडो रेक रोज. एप्रिल-मे २०२२ मध्ये वीज केंद्रांकडचा कोळसा आटला, तेव्हा रेक पुढे काढायला प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. दोघांना एकाच रुळावर कोंबलं की असंच होतं.

उपाय आहे, आणि तो बऱ्यापैकी झालाही आहे: मालाचा स्वतंत्र मार्ग. पश्चिम मालवाहतूक मार्गिका, दादरी ते न्हावा-शेवा, १,५०६ किलोमीटर. विजेची तार इतकी उंच की कंटेनरवर कंटेनर ठेवून दीड किलोमीटर लांबीची गाडी जाते. गेल्या पन्नास वर्षांतलं हे बहुधा सगळ्यात मोठं आधुनिकीकरण असेल, पण त्यात सेल्फी काढण्यासारखं काही नसल्याने फॉरवर्डमध्ये त्याचं नाव नाही. शेवटपर्यंत अडलेला तुकडा मात्र आपल्याकडचाच: वैतरणा ते न्हावा-शेवा, सुमारे शंभर किलोमीटर.

‘कवच बसवा, अपघात संपले’

कवच हवंच, आणि आत्ताच्यापेक्षा लवकर हवं. चालकाने लाल सिग्नल ओलांडला किंवा वेग वाढवला तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते. दक्षिण मध्य रेल्वेच्या १,४६५ किलोमीटरवर ते आधी बसलं, त्यात आपला नांदेडकडचा पट्टाही आहे. पण ‘संपले’ हा शब्द धोक्याचा. २ जून २०२३ ला बालासोरजवळ कोरोमंडल एक्सप्रेसला सिग्नल मिळाला मुख्य मार्गाचा आणि गाडीचा रूळ बदलणारा काटा होता लूपचा. आधीच्या दुरुस्त्यांमध्ये सिग्नलच्या जोडण्यांत घोळ झाल्याचं सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं. चालकाने काहीच चूक केली नव्हती. कवच चालकावर नजर ठेवतं. पॅनेलमागे चुकीची जोडलेली वायर पकडायला नीट चाचणी घेणारा आणि घाई न करणारा माणूसच लागतो.

उलट बाजूही सांगायला हवी. रेल्वेच्या व्याख्येतले गंभीर अपघात २०००-०१ मध्ये ४७३ होते, २०२३-२४ मध्ये ४०. ही घट कवच जवळपास कुठेच नसताना झाली. ब्रॉडगेजवरची बिनराखणीची फाटकं २०१९ च्या जानेवारीपर्यंत संपवली, एकमेकांवर न चढणारे एलएचबी डबे आले, रूळ वेळेवर बदलले गेले. आणि या ४० मध्ये लोकलमधून पडणारे, रूळ ओलांडताना मरणारे धरलेलेच नाहीत. अनिल काकोडकर समितीने २०१२ मध्ये असे मृत्यू वर्षाला सुमारे १५ हजार सांगितले होते, त्यातले जवळपास सहा हजार मुंबई उपनगरी मार्गांवरचे. त्यांच्यासाठी पादचारी पूल, कुंपणं, बंद होणारे दरवाजे आणि जास्त लोकल लागतात.

‘फक्त पैसा ओता’

ओतलाय. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात रेल्वेला भांडवली खर्चासाठी २ लाख ५२ हजार कोटी मिळाले. अडतं ते जमीन, पुनर्वसन, परवानग्या आणि चालू गाड्या न थांबवता काम करायच्या कसरतीत. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका घ्या. अंतर नऊ किलोमीटर. पायाभरणी २००८, लोकार्पण १८ फेब्रुवारी २०२२. मध्ये खाडी, मुंब्र्याची दाट वस्ती, आणि काम करायला मिळणारे रात्रीचे व रविवारचे मोजके तास. ती सुरू झाली तेव्हा मेल-एक्सप्रेस आणि लोकल एकमेकींच्या वाटेतून बाजूला झाल्या आणि मध्य रेल्वेवर ३६ लोकल फेऱ्या वाढल्या. त्याच योजनेतली कुर्ला–सीएसएमटी पाचवी-सहावी मार्गिका २०२५ उजाडलं तरी पूर्ण झाली नव्हती.