छप्पर जास्त आलंय

आज सकाळी सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांचा अभिप्राय येऊन पडला. 'कॅमेरा महागाचा, पण फोटो मोबाइलचेच बरे. ह्यांच्या फोटोंत छप्पर जास्त आलंय.' खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात एक अंगठा आमच्या हिचाही आहे, पण तो विषय घरातला.

आता त्या छपराबद्दल. फॉरबिडन सिटी म्हणजे बीजिंगमधला चिनी सम्राटांचा जुना राजवाडा, आणि त्यातला सगळ्यात मानाचा दरबार म्हणजे ताइहेदियन. राजवाडा 1420 साली बांधून झाला. हा दरबार पुढे जळत गेला, पुन्हा उभा राहत गेला, आणि आत्ताचा आहे तो सतराव्या शतकाच्या अखेरचा. त्याच्या पिवळ्या, चकचकीत कौलांच्या छपरावर, कोपऱ्यांकडे उतरणाऱ्या धारांवर ओळीनं प्राणी बसवलेत. सर्वांत पुढे पक्ष्यावर बसलेला एक स्वार, त्याच्यामागे ड्रॅगन, फिनिक्स, सिंह आणि मंडळी. धारेवरची कौलं घसरू नयेत म्हणून खिळे ठोकत, ते झाकायला ही सजावट आली. मग चिनी सम्राटांनी त्यातही हुद्दे लावले. इमारत जितकी मोठ्या मानाची, तितके प्राणी जास्त. सम्राटाच्या कियानचिंग महालावर नऊ. दहावा, पंखवाल्या माकडासारखा, फक्त ताइहेदियनवर. तो रांगेत शेवटचा, म्हणून खालून चटकन सापडत नाही. मला तो हवा होता. एवढ्यासाठी ती जड लेन्स मी गळ्यात वागवत होतो.

माकड नुकतं चौकटीत आलं होतं. मागून हाक आली, 'अहो कॅमेरावाले!'

अख्ख्या सहलीत काकांनी माझं नाव विचारलं नाही. काका चिंचवडचे, निवृत्त, डोक्यावर दुसऱ्याच एका टूर कंपनीची टोपी. शेजारी काकू, त्यांच्या हातात वाऱ्यावर उडवायची ओढणी.

'आमचा एक घ्या. महाल पूर्ण यायला हवा, पण आम्ही मोठे दिसलो पाहिजे.'

'काका, महाल लांबरुंद आहे. तो पूर्ण घ्यायचा तर मला मागे जावं लागेल.'

'जा की मग.'

'मागे गेलो की तुम्ही लहान दिसाल.'

काकांनी क्षणभर विचार केला. 'मग आम्हीही तुमच्याबरोबर मागे येतो.'

आणि ते आले. मी चार पावलं मागे, ते दोघं चार पावलं पुढे. पुन्हा मी मागे, पुन्हा ते पुढे. त्या चौकात झाड नाही की सावली नाही. जिथे दरबारी मंडळी सम्राटापुढे गुडघे टेकत, तिथून आम्ही तिघं एकमेकांकडे तोंड करून उलटसुलट चाललो होतो. भाड्याच्या, छिंग राजघराण्याच्या काळातल्या पोशाखातली एक राजकन्या मेकअप थांबवून आमच्याकडे पाहायला लागली. शेवटी माझी पाठ चौकाच्या दुसऱ्या टोकाच्या दरवाज्याच्या, ताइहेमनच्या पायऱ्यांना लागली. काकांच्या आणि माझ्यातलं अंतर निघालो तेव्हा होतं तेवढंच होतं.

'आता घ्या. पाय कापू नका. सिंगापूरला एकानं कापले होते.'

मी पाय ठेवले. पायांबरोबर छप्परही आलं, त्याला मी काय करणार? छप्पर वर होतं!

तिथून पुढे मी सहलीचा सरकारी छायाचित्रकार झालो. बाओहेदियन या मागच्या दरबाराच्या पाठीमागे उतारावर सोळा मीटरहून लांब, दोनशे टनांहून जड अशी कोरलेली एकच शिळा आहे. हिवाळ्यात रस्त्यावर पाणी ओतून बर्फ करत आणि त्यावरून ती ओढून आणली, असं गाइड सांगत होता. त्यातल्या लाटा, ढग, ड्रॅगनचे पंजे टिपायला लागलो की काकू ओढणीसह मध्ये. मुलामा दिलेल्या ब्राँझच्या रांजणांवर खरवडल्याच्या खुणा आहेत, 1900 साली आठ देशांच्या सैनिकांनी सोनं खरवडून नेलं म्हणतात. त्या सैन्यात इंग्रजांच्या हिंदुस्थानी पलटणीही होत्या. गाइड नजर आमच्यावर ठेवून हे सांगत होता. 'आम्ही पुण्याकडचे,' काका घाईनं म्हणाले आणि रांजणाशेजारी उभे राहिले. 'घ्या.'

मला राग काकांचा नाही. खरं तर आहे. पण त्याहून जास्त या सोयीचा आहे, की ज्याच्याकडे मोठा कॅमेरा, तो सगळ्यांचा फुकटचा गडी. दाराला नऊ ओळींत नऊ, असे एक्याऐंशी सोनेरी खिळे ठोकलेत. ते बघायचे की त्यांच्यापुढे आपली पोझ? ताइहेदियनच्या दारात तर आत जाताच येत नाही. कठड्यापाशी वर धरलेल्या मोबाइलांच्या गर्दीत सिंहासनाच्या वरचा कोरीव ड्रॅगन कुणाला दिसला असेल, तर तो पडद्यावरच. तेवढ्यासाठी गुगलवर फोटो होते, विमानाचं भाडं वाचलं असतं.

शिवाय एक गोष्ट हुकली ती हुकलीच. वेनयुआनगे हे सम्राटाचं ग्रंथालय. सगळीकडे पिवळी कौलं, त्याच्यावर मात्र काळी, कारण चिनी समजुतीत काळा रंग पाण्याचा आणि पुस्तकांना भीती आगीची. 'वेळ उरला तर,' गाइड म्हणाला होता. वेळ ओढणीनं खाल्ला. उत्तरेच्या दारातून मंडळी बाहेर पडली, तिथून ते ग्रंथालय जवळजवळ राजवाड्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि बाहेर पडल्यावर परत आत सोडत नाहीत.

काळ्या छपराचा फोटो माझ्याकडे नाही. काकूंचे आहेत, भरपूर आहेत, हव्या त्या वाऱ्यातले. कुणाला हवे असतील तर सांगा, मेमरी कार्ड रिकामं करायचं आहे.