श्कर्टेलचे चार सेल्फ गोल आणि एक फॉरवर्ड

परवा भाच्याच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. पोरगा सतरा वर्षांचा, बॅक खेळतो. कोल्हापुरात पेठेच्या सामन्यात असं झालं की काय काय ऐकावं लागतं, ते सांगायला नको. रात्री टीमच्या ग्रुपवर कुणीतरी एक फॉरवर्ड टाकला, खाली लिहिलं ‘आमचा श्कर्टेल’. भाच्यानं तो मला पाठवला आणि विचारलं, ‘मामा, हे खरं आहे काय?’

फॉरवर्डमध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबकडून खेळलेल्या स्लोव्हाकियाच्या बॅकचा, मार्टिन श्कर्टेलचा फोटो आहे आणि खाली पाच दावे आहेत. जगात सर्वात जास्त सेल्फ गोल यानेच मारले. याच्या सेल्फ गोलांमुळे 2014 साली लिव्हरपूलची लीग गेली. देशासाठी त्यानं काही केलं नाही. इटलीच्या क्लबनं त्याला महिन्याभरात हाकललं. शेवटी तुर्कस्तानात नुसता पगार खात बसला. ज्यानं हे लिहिलं त्यानं लिव्हरपूलचा एक सामना तरी पुरा बघितलाय का, शंका आहे.

पहिला दावा दोन ओळींत उरकतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या एका हंगामात चार सेल्फ गोल, हा 2013-14 मधला श्कर्टेलचा आकडा खरा आहे, विक्रमही आहे. पण 2017-18 मध्ये ब्रायटनच्या लुईस डंकनं त्याची बरोबरी केली. आणि प्रीमियर लीगच्या पूर्ण कारकिर्दीचा विक्रम आयर्लंडच्या रिचर्ड डनचा आहे, दहा सेल्फ गोल. जग तर लांबच राहिलं.

खरा संताप आला तो दुसऱ्या दाव्यानं. त्या चार गोलांनी लीग गेली म्हणे! प्रीमियर लीगच्या नोंदी कुणालाही उघडून बघता येतात. मी बघितल्या. पहिला सेल्फ गोल 1 डिसेंबर 2013 ला, हलविरुद्ध. सामना लिव्हरपूल 1-3 असा हरलं. पण हा गोल 87व्या मिनिटाचा. तेव्हा हल आधीच 2-1 ने पुढे होतं. आठवड्याभरात वेस्ट हॅमविरुद्ध दुसरा. निकाल 4-1, लिव्हरपूल जिंकलं. फेब्रुवारीत स्वान्सीविरुद्ध तिसरा. 4-3, जिंकलं. शेवटच्या दिवशी न्यूकॅसलविरुद्ध चौथा. 2-1, जिंकलं. म्हणजे चारही गोल वहीतून खोडून टाकले तरी लिव्हरपूलच्या खात्यात एक गुण वाढत नाही. मग लीग गेली कशी? विजेत्या मँचेस्टर सिटीचे 86 गुण, लिव्हरपूलचे 84. चेल्सीविरुद्ध लिव्हरपूलचा कर्णधार जेरार्ड घसरला, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध 3-0 ची आघाडी 3-3 झाली. संघानं एकूण 50 गोल खाल्ले, त्याची जबाबदारी साऱ्या बचावफळीची, त्यात श्कर्टेलही आला. तेवढं मी मान्य करतो.

आणि त्याच हंगामात या माणसानं समोरच्या जाळ्यात किती मारले? सात. बॅकनं, लीगमध्ये, सात! आर्सेनलला 5-1 धुतलं त्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांत दोन याचेच. सिटीला 3-2 हरवलं त्यातला एक याचा. फॉरवर्डवाल्याला चार मोजता आले, सात नाही.

सुरुवात मात्र वाईटच झाली होती, ते लपवत नाही. जानेवारी 2008 मध्ये झेनितकडून आला. झेनितनं त्याआधी 2007 मध्ये रशियन लीग जिंकली, तेव्हा हा त्या संघात होता. काही दिवसांत हॅव्हंट अँड वॉटरलूव्हिल या छोट्या क्लबाविरुद्ध एफए कपचा सामना झाला, त्यात एक फटका याला लागून आत गेला. लिव्हरपूल 5-2 जिंकलं, पण लोक हसलेच. नंतर हाच माणूस या क्लबसाठी तीनशेच्या वर सामने खेळला. 2012 च्या लीग कप फायनलमध्ये कार्डिफविरुद्ध बरोबरीचा गोल याचाच.

इटलीच्या क्लबची, म्हणजे अटलांटाची गोष्ट अर्धी खरी. ऑगस्ट 2019 मध्ये करार केला आणि एकही सामना न खेळता काही आठवड्यांत तो दोघांच्या संमतीनं संपवला. हाकललं वगैरे काही नाही. तिथून तो इस्तंबूलच्या बाशाकशेहिरला गेला आणि त्या हंगामात त्या क्लबनं पहिल्यांदाच तुर्की लीग जिंकली. याला पगार खाणं म्हणत असतील तर म्हणोत. पुढे तो घरी परतला, स्पार्ताक त्रनावाकडे, आणि 2022 मध्ये तिथंच बूट काढले.

आता देश. हान्दलोव्हामध्ये जन्मलेला हा गडी स्लोव्हाकियासाठी 104 सामने खेळला. 2016 च्या युरोत कर्णधार होता. स्लोव्हाकिया वेगळा देश झाल्यावरचा त्यांचा पहिला वर्ल्ड कप 2010 चा. जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर गतविजेत्या इटलीला त्यांनी 3-2 हरवून घरी पाठवलं. इटली गटात तळाला. 67व्या मिनिटाला इटली 0-1 ने मागे होती, क्वाग्लियारेल्लानं फटका मारला, गोलकीपर हरला होता आणि चेंडू रेषेवर श्कर्टेलच्या गुडघ्याला लागून बाहेर आला. आत होता की बाहेर, यावर तेव्हा वाद झाला. गोललाइनचं तंत्र वर्ल्ड कपला तेव्हा नव्हतं.

म्हणजे उभा राहिला तिथंच, आपल्या गोलच्या तोंडाशी. चेंडू अंगाला लागला तोही तसाच. एकदा आत गेला, एकदा बाहेर आला.

भाच्याला त्या 67व्या मिनिटाची क्लिप पाठवलीय. ‘मामा, हे ग्रुपवर टाकू काय?’ म्हणाला. म्हटलं, टाक, आणि रविवारी तिथंच उभा राहा.