गल्लीत इंग्लिशचे पंडित कसं व्हायचं

आपल्या बेळगाव भागात माणसाला तीन भाषा येतात आणि तिन्हीत बोलणी खावी लागतात. "मी काम केलो" म्हणलं की पुण्याची मावसबहीण हसते, कन्नड बोललं की धारवाडचा साहेब हसतो. मग आपण कुणाला हसायचं? त्यासाठीच तर देवानं इंग्लिश दिलंय बघा. आणि दुसऱ्याचं इंग्लिश चुकलं म्हणायला स्वतःला यावंच लागतं असं काय नाही.

सुरुवात खडेबाजारातनं करा. स्टेशनरीचं दुकान गाठा, बोर्डावरच्या इंग्लिश "स्टेशनरी"च्या स्पेलिंगात शेवटून तिसरं अक्षर ई पाहिजे तिथं ए असलं की तुमचं काम झालं, चार गिऱ्हाइकं आत असताना मोठ्यानं सांगायचं, "काका, याचा अर्थ जागेवरनं न हलणारा असा होतोय." काका सकाळपासनं त्याच खुर्चीत बसलेले असतात, त्यामुळं ते काय मनाला लावून घेत नाहीत, ती गोष्ट वेगळी. मात्र हे दोन्ही शब्द मुळात एकच, जुन्या काळी युरोपात फिरून विकणाऱ्यांत न मोडता एका जागी दुकान मांडून पुस्तकं विकायचा तो स्टेशनर, हे काकांना चुकूनसुद्धा सांगू नका, नाहीतर बोर्ड बरोबर ठरायचा. बोर्डावर कन्नड किती नि मराठी किती यावरनं गावात काय काय होतं तुम्हाला माहितीच आहे, खरं इंग्लिश स्पेलिंगवरनं कुणी काळं फासल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, म्हणजे लाईन एकदम सेफ.

मग व्हॉट्सॲप ग्रुप. कुणी "मीटिंग प्रीपोन केलीय" लिहिलं की लगेच टाका, असा शब्दच नाही. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत तो आहे, खरं उघडून बघायला वेळ कुणाला हाय? वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन दिसलं तर आणखी बरं. पुढं लंडनचा बिशप झालेला रॉबर्ट लोथ १७६२ साली आपल्या व्याकरणात याबद्दल कुरकुरला होता, आणि मजा म्हणजे ज्या वाक्यात कुरकुरला त्याच वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन ठेवून बसला. आपण नाव तेवढं घ्यायचं, वाक्य दाखवायचं नाही.

अ आणि ॲन हा सगळ्यात धोक्याचा भाग. "ए, ई, आय, ओ, यू दिसलं की ॲन" एवढं पाठ करा आणि ॲन युनिव्हर्सिटी म्हणून हटूनच बसा. एखादी पोरगी म्हणेल, "मामा, स्पेलिंग सोडा, देवनागरीत लिहून बघा की, युनिव्हर्सिटी य नं सुरू होतंय आणि एमएलए ए नं, म्हणून अ युनिव्हर्सिटी आणि ॲन एमएलए." तिचं बरोबर आहे. म्हणूनच तिला चहा आणायला आत पाठवा.

राहिल्या इडियम्स. जांबोटी-खानापूरकडं पाऊस लागला की हटत नाही, आपल्याकडं त्याला तरणा पाऊस, म्हातारा पाऊस अशी नावंसुद्धा आहेत, खरं पोरानं निबंधात ते लिहिलं तर मार्क कापा, "रेनिंग कॅट्स अँड डॉग्स" म्हणून मांजरं नि कुत्रीच पडली पाहिजेत. जोनाथन स्विफ्टनं १७३८ साली बड्या लोकांच्या शिळ्या बोलण्याची टिंगल करायला जे पुस्तक काढलं त्यात ही मांजरं-कुत्री आहेत, म्हणजे माल तेव्हाच शिळा होता आणि आपण अजून पोरांना ताजा म्हणून वाढतोय.

एवढं करून कधीतरी शेजारची वहिनी म्हणणारच, "भावजी, बँकेला इंग्लिशमधनं अर्ज लिहून द्या की." घाबरू नका. चष्मा विसरलोय म्हणा, अर्ज त्या चहावाल्या पोरीकडनं लिहून घ्या आणि खाली "काइंडली डू द नीडफुल" तेवढं आपल्या हातानं घाला. साहेब तेवढंच वाचतोय.