उसळ न होणारे वाटाणे

सप्टेंबरअखेरच्या एका शनिवारी रात्री मी पंचवीस बिया वाटीत भिजत घातल्या. रविवारी सकाळी उठून बघतो तर वाटी ओट्यावर, शेजारी खवलेला नारळ, आणि आई कांदा चिरतेय.

"एवढेच भिजवलेस?" आई म्हणाली. "चौघांना कसे पुरायचे?"

आईचं माहेर मालवणचं. काळा, गोल, टणक दाणा पाण्यात दिसला की तिला सांबाराखेरीज दुसरं काही सुचत नाही. दोष तिचा नाही. स्वीट पी या फुलवेलीचं बी हुबेहूब काळ्या वाटाण्यासारखं असतं, फक्त जरा कुपोषित. मी वाटी ओढून घेत ओरडलो, "आई, विषारी आहे ते!"

"मग घरात आणलंस कशाला?"

तीन वर्षं झाली, या प्रश्नाचं धड उत्तर मला देता आलेलं नाही.

खरं कारण असं की त्याच्या आधीच्या जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात मी एका बरणीतल्या फुलांवर वाकलो होतो. फिकट जांभळी, गुलाबी, फुलपाखरं दाटीवाटीनं बसावीत तशी. वास मोसंबीच्या फुलाचा, त्यात कुठेतरी मध. मागच्या बाईंनी "अहो, पुढे सरका" म्हटलं तेव्हा मी भानावर आलो. आमचा फ्लॅट तळमजल्याचा, पुढे चार हात माती, तिला कंपाउंडची जाळी. एवढ्या भांडवलावर मी ठरवलं.

नावात 'स्वीट' आहे आणि 'पी'ही आहे, पण हा मटार नव्हे. ही वनस्पती विदर्भातल्या लाखोळीची बहीण. लाखोळीची डाळ महिनोन्‌महिने तेवढीच खाल्ली तर पाय लुळे पडतात. आयुर्वेदात त्याला कलायखंज असं नावसुद्धा आहे. स्वीट पीच्या बियाही पोटात जायच्या नसतात. हे सगळं मी बायकोला मोठ्या अभिमानानं सांगितलं. ती भंडाऱ्याची.

"लाखोळी?" ती म्हणाली. "आमच्याकडे उभ्या धानात नुसती फेकतात. नांगरटसुद्धा करत नाहीत. तुम्ही पैसे देऊन आणली?"

पहिल्या वर्षी ती हसली आणि मी हरलो. भिजवलेल्यांतल्या चौदा बिया फुगल्या, उरलेल्या अकरा छऱ्यासारख्या तशाच. ऑक्टोबरच्या उन्हात निम्मे कोंब भाजले. जे वाचले ते मी सहा इंची कुंड्यांत दामटून बसवले. त्यांनी मार्चमध्ये, पारा ३६वर असताना, एकूण तीन फुलं दिली आणि शरणागती पत्करली. दुसऱ्या वर्षी उंदरानं रांगेत एकेक बी उकरून खाल्लं. विषाबद्दल त्याला कोणी सांगितलं नसावं. तो पुढे आठवडाभर ठणठणीत हिंडताना दिसत होता.

मग मी मुळापासून अभ्यास केला. ही वेल मूळची सिसिलीची. तिथला कुपानी नावाचा एक धर्मगुरू, त्यानं १६९९मध्ये तिच्या बिया इंग्लंडमधल्या युवेडेल नावाच्या शाळामास्तरांना धाडल्या. तिथून हे वेड सुरू झालं. सिसिलीत पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा, त्यामुळे ही बाई थंडीत वाढते, फुलते आणि ऊन चढायच्या आत बिया टाकून मोकळी होते. म्हणजे पुण्यात तिला मिळणार जेमतेम चार महिने, आणि पाऊस माझ्या झारीचा. माझ्या पाकिटावर 'स्पेन्सर' असा शब्द होता. तोही उगाच नव्हता. नागमोडी पाकळ्यांचा हा प्रकार राजकुमारी डायनाच्या माहेरी, स्पेन्सर घराण्याच्या आल्थॉर्पला, तिथल्या माळ्याच्या हाती विसाव्या शतकाच्या तोंडावर लागला. हे कळल्यावर मी जाळीला नवा हिरवा रंग दिला. इतक्या मोठ्या घरची मुलगी यायची म्हणजे.

तिसऱ्या वर्षी काही कसर ठेवली नाही. बियांचं कवच जाड, पाणी आत शिरत नाही, म्हणून ते आधी किंचित खरवडायचं असतं. त्यासाठी मी नेलकटर घेतला. चष्मा लावून, जिभेचं टोक बाहेर काढून, बीचा डोळा सोडून दुसरीकडे इवलासा टवका उडवायचा. पहिली बी "टक्" करून उडाली ती फ्रिजखाली. दुसरी आईच्या चहात. तिनं ती चमच्यानं काढून बशीत ठेवली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मुळं खोल जातात म्हणून रंगाच्या वीस लिटरच्या बादल्यांना भोकं पाडली. तळाशी शेणखत. वर मुलाच्या जुन्या क्रिकेटच्या नेटचा तुकडा, उंदरासाठी. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूनं फांद्या फुटतात. आता, दोन वर्षांनी धडपणे उभं राहिलेलं पोर, त्याची मान कशी मोडायची? मी तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी पाहिलं तर सगळे शेंडे खुडलेले.

"मी केलं," बायको म्हणाली. "आमच्याकडे हरभऱ्याचे खुडतात, त्याची भाजी करतात. याची करता येत नाही, म्हणून टाकून दिली."

फांद्या फुटल्या. वेलीला पानांच्या टोकाशी बारीक तणावे येतात, पेनच्या रिफिलमधल्या स्प्रिंगसारखे. ते जाळीची तार चाचपतात, एका रात्रीत धरतात, आणि मग सोडत नाहीत. पाण्याच्या पाइपलाही धरलं होतं त्यांनी, एकदा माझ्या वाळत घातलेल्या बनियनलाही. ते बनियन मी जानेवारीत परत मिळवलं.

आणि जानेवारीतच, पारा दहावर असताना, पहिलं फूल आलं. पुढच्या आठवड्यात चाळीस. मी फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. "मटार कधी?" असं अकरा जणांनी विचारलं.

एका सोमवारी सकाळी बघतो तर जाळीबाहेर आलेली सगळी फुलं गायब. बुधवारी पुन्हा. कात्रीनं कापल्यासारखे देठ, अगदी बुडापासून. पाटी लावणार होतो, पण पुण्यात पाटीला कोण भितो? शुक्रवारी पावणेसहाला शाल गुंडाळून मी गाडीआड दबा धरला. समोरच्या सोसायटीतले आजोबा आले. माकडटोपी, स्वेटर, एका हातात आकडीची काठी, दुसऱ्या हातात धुतलेली दुधाची पिशवी. खिशातून त्यांनी मिशीची कात्री काढली.

"काका!" मी उभा राहिलो.

"अरे, उठलास? बरं झालं," ते म्हणाले. "देठ जरा आखूड निघतायत. खत कमी पडतंय का?"

"काका, ही फुलं..."

"देवाला नेतो. आमची ही म्हणते, जास्वंद नको, ते वासाचं आणा." आणि पिशवी भरून ते निघून गेले. मी माझ्याच फाटकात शाल सावरत उभा.

त्यानंतर मी जाळीला आतून प्लॅस्टिक बांधलं. देवाच्या नावानं चाललेली चोरी थांबली. मीही फुलांना हात लावला नाही. इतक्या कष्टानं आलेलं फूल तोडायचं कसं? रोज संध्याकाळी खुर्ची टाकून नुसतं बघायचं. दहा-बारा दिवसांत शेंगा धरू लागल्या, छोट्या, लवदार. मला कौतुकच वाटलं. शेंगा फुगल्या आणि कळ्या यायच्या बंद झाल्या.

या वेलीचं असं आहे की बी धरलं की तिच्या लेखी संसार झाला. पोरींची लग्नं उरकलेला बाप आरामखुर्चीत बसतो ना, तशी ती बसते. फुलं हवी असतील तर रोज कापायची, एकसुद्धा मागे ठेवायचं नाही. म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे पावणेसहाला आकडीची काठी घेऊन माझ्या बागेचं शास्त्रशुद्ध व्यवस्थापन चाललं होतं, आणि ते मी प्लॅस्टिक बांधून बंद पाडलं होतं.

प्लॅस्टिक सोडलं. शेंगा खुडल्या, बायकोनंच, "आमच्याकडे" न म्हणता. पण काका काही येईनात. चार दिवस वाट पाहून मी समोरच्या वॉचमनला विचारलं. मुलीकडे नाशिकला गेले होते, पंधरा दिवसांसाठी. मग रोज सकाळी मीच जाळीबाहेर उभा राहून, बायकोची शिवणाची कात्री घेऊन, आपलीच फुलं चोरल्यासारखी कापत राहिलो. देवघर भरलं, टीव्ही भरला, फ्रिजवर भरली. आईनं शेवटी वाटीभर पाण्यात चार फुलं ठेवली आणि वाटीला चिठ्ठी चिकटवली: "विषारी. सांबार करू नये."

फेब्रुवारीअखेर काका परतले. त्यांनी जाळीसमोर उभं राहून देठ मोजले, वाकून मुळाशी पाहिलं, पिवळं पडलेलं एक पान खुडलं.

"मी नव्हतो तर बरीच दुर्लक्षित झाली रे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी लवकर पेर. आणि जांभळी जास्त टाक, हिला गुलाबी आवडत नाही."